या घरात दाईला हॅना म्हणतात

ज्या घरात तान्हं मूल आहे आणि रडणं मात्र ऐकू येत नाही, त्या घरापुढे माझे पाय आपोआप थांबतात. दोरीवर दुपटी वाळत असतात, खिडकीतून पाळणा दिसतो, आणि आत सगळं चिडीचूप. मग मी मागच्या दारी जाते, खोटंच काहीतरी विचारते, आणि बोलता बोलता दाई कुठली ते काढून घेते. लिंकन शहरातल्या गाडीवानांत माझी टिंगल चालते. "आली बघा म्हातारी टनर्ड, आज कुणाचं पोर पळवणार विचारा." हसू देत मेल्यांना. त्यांना काय ठाऊक.

मी डॉर्कस टनर्ड. व्हिटलॉक म्हणून धान्याचे मोठे व्यापारी आहेत, टेकडीवर कॅथीड्रलच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. तिथे बावीस वर्षं मी चूल सांभाळली. लग्न केलं नाही, पण स्वयंपाकिणीला मिसेस म्हणायची पद्धत आहे म्हणून मी मिसेस टनर्ड. नवरा नाही, त्याची धुणी नाहीत, मान तेवढा आहे. याहून बाईमाणसाला काय हवं?

आमच्या घराची एक रीत होती. आमच्याच कशाला, बऱ्याच बड्या घरांची होती. नोकर बदलला तरी नाव बदलायचं नाही. पहिली दाई हॅना होती, म्हणून पुढची प्रत्येक दाई हॅना. घरकामाची पोरगी कुणीही येवो, ती सूझन. एका सूझनचं खरं नाव व्हिक्टोरिया होतं. बाईसाहेबांना घेरीच यायची बाकी राहिली होती. राणीसरकारांच्या नावाने हाक मारून चुलीची राख काढायला कसं सांगायचं? मालकिणीच्या जिभेला त्रास नको म्हणून सगळा खटाटोप. माझं आडनाव तेवढं माझ्यापाशी राहिलं.

त्या सप्टेंबरात आमच्या हॅनाने खाटकाशी लग्न लावलं आणि ती गेली. खरं नाव काय होतं तिचं? बघा, आठवत नाही. लायनल तेव्हा चार महिन्यांचा. बाईसाहेबांची आधीची दोन मुलं दफनभूमीत होती, एक गोवराने गेलं आणि एक जन्मतःच. सात वर्षांनी हा झालेला. त्याला शिंक आली तरी घरात डॉक्टरांची धावपळ. आणि पोरगा कसला, घशात कर्णा घेऊनच जन्मलेला! रात्रंदिवस भोकाड. साहेब दुकानातून उशिरा यायला लागले, बाईसाहेब कपाळाला पट्टी बांधून निजून राहायला लागल्या.

"टनर्डबाई, मला याचं रडणं सहन होत नाही हो," त्या म्हणायच्या. "आणि थांबलं की वाटतं, का थांबलं? मग धावत जाऊन त्याच्या नाकाशी बोट धरते."

नोकर मिळवून देणाऱ्या कचेरीने तीन आठवडे पोरी पाठवल्या. त्या आधी माझ्या स्वयंपाकघरात बसायच्या, म्हणून मला सगळ्या दिसल्या. एकीच्या तोंडाला जिनचा वास. दुसरीने टोपी काढायच्या आधी विचारलं, घराला जिने किती. तिसरीने विचारलं, घरातली स्वयंपाकीण तापट आहे का. मी म्हटलं, "आहे. निघ."

मग केझिया आली. केझिया प्राउडलो, आमच्याच जिल्ह्यातल्या बोस्टन गावाच्या दक्षिणेच्या पाणथळ मुलखातली. वीस-एकवीस वर्षांची, स्वच्छ पांढरा एप्रन, नखं कापलेली. लायनल वर ठणाणा करत होता. ती म्हणाली, "आणा बरं इकडे." खांद्यावर घेतला, पाठीवर हात फिरवला, पोर गप्प. मलासुद्धा आवडली हो ती. खोटं कशाला बोलू.

बाईसाहेबांनी विचारलं, "याआधी कुठे होतीस?"

"हॉर्नकॅसलला हार्टॉपबाईंकडे. तिथं मला एलन म्हणायचे."

"इथे तुला हॅना म्हणतील. आमच्याकडे दाईला हॅना म्हणतात."

"म्हणा की," ती हसून म्हणाली. "हाकेला ओ देण्याशी काम."

कागदावरच्या दाखल्यावर आमच्या बाईसाहेबांचा विश्वास नव्हता. दाखले विकत लिहून मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून खानदानी रीत अशी, की आधीच्या मालकिणीच्या दिवाणखान्यात स्वतः जाऊन बसायचं आणि तिच्या तोंडून ऐकायचं. एका सभ्य बाईने दुसऱ्या सभ्य बाईला दिलेला शब्द. बाईसाहेब आगगाडीने हॉर्नकॅसलला गेल्या आणि संध्याकाळी परतल्या त्या फुलूनच.

"हार्टॉपबाई म्हणाल्या, एलन म्हणजे हिरा! देवाने धाडलेली मुलगी. ती परत येणार असेल तर आज ठेवून घेईन म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या."

"कशा आहेत बाई?" मी विचारलं.

"बऱ्या आहेत. काळे कपडे होते अंगावर. घरात कुणी गेलं असावं."

"कोण गेलं?"

"टनर्डबाई, असं कुणी विचारतं का? पहिल्याच भेटीत?"

खरंच, कुणी विचारत नाही. तेवढी एक गोष्ट विचारली असती तर! पण सभ्यपणा आडवा आला.

केझिया सोमवारी कामावर रुजू झाली आणि शुक्रवारपर्यंत घर शांत झालं. साहेब वेळेवर जेवायला यायला लागले. बाईसाहेबांनी पियानो उघडला. पाहुण्या बायका म्हणायच्या, "अहो, तुमच्याकडे बाळ आहे ना? आवाजच नाही." बाईसाहेब लाजून हसायच्या आणि म्हणायच्या, "आमची हॅना." तीन घरांनी केझियाला फोडायचा प्रयत्न केला. चांगली दाई म्हणजे गुळाची ढेप, मुंगळे लागायचेच.

मला मात्र काहीतरी खुपायला लागलं. केझिया दुपारी खाली यायची आणि माझं तांब्याचं लहान पातेलं मागायची. माझ्या भांड्यांना दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही.

"काय उकळतेस एवढं?" मी विचारलं.

"बार्लीचं पाणी, टनर्डबाई. आणि आमच्याकडची थोडी पाती, पोटातल्या वाऱ्याला."

पाणी तांबूस दिसायचं. पातेल्याला कडवट वास राहायचा, राखेने घासलं तरी जाईना. मी डोंगराकडची, मला त्या पाणथळ मुलखातल्या झाडपाल्याची अक्कल नाही. उलट साखरेच्या बरणीतून चिमूटभर साखर मीच काढून दिली तिला, रोज, कडू लागू नये म्हणून. माझ्या हातांनी दिली.

एकदा ती लायनलला खाली घेऊन आली. ऑक्टोबरची दुपार, खिडकीतून ऊन येत होतं. पोराचा रंग जुन्या मेणबत्तीसारखा झाला होता. गाल बसलेले. पूर्वी चमचा दिसला की झडप घालायचा. मी त्याच्या नाकापुढे चमचा नाचवला, तो माझ्याकडे बघतच राहिला. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

"हा खातो का गं?"

"झोपतो ना छान. झोपेत वाढतात मुलं."

"वाढतंय कुठे? वाळतंय ते!"

तिने नुसतं त्याचं दुपटं नीट केलं. राग नाही, भीती नाही. मला वाटतं तिला माझं बोलणं कळलंच नाही.

संध्याकाळी मी बाईसाहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, "बाळाकडे बघा एकदा. त्याचं काहीतरी बिनसलंय. ती पोरगी त्याला काहीतरी पाजतेय."

त्यांच्या हातातली सुई थांबली. क्षणभर वाटलं, ऐकतील. मग ओठ आवळले.

"मी स्वतः जाऊन हार्टॉपबाईंच्या तोंडून ऐकलंय. त्या खोटं बोलल्या असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नव्हे, पण..."

"बाळ झाल्यापासून आता कुठे मी झोपायला लागलेय, टनर्डबाई. तुम्ही स्वयंपाकघर बघा. वरचं हॅना बघेल."

एका बाजूला हार्टॉपबाईंचा शब्द, दुसऱ्या बाजूला माझं खरकटं तोंड. वरच्या मजल्यावर स्वयंपाकिणीने पाऊल टाकायचं नाही, हाही नियम. बावन्नाव्या वर्षी वाईट दाखला घेऊन दारोदार फिरण्याची मला भीती वाटली. म्हणून मी गप्प बसले आणि नऊ दिवस भाकरी भाजत राहिले. ते नऊ दिवस मी आजही मोजते.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, मागच्या दारावर टकटक झाली. दारात एक मुलगी, अंगावर नवा सुतकाचा पोशाख, पायांशी दोरीने बांधलेली पत्र्याची पेटी.

"व्हिटलॉकबाईंचं घर हेच ना? मी थर्झा ब्रॅकनबरी. दाईच्या कामावर आलेय."

"कुणी सांगितलं तुला? जागा भरून दीड महिना झाला."

तिचा चेहरा पडला. "पण हार्टॉपबाईंनी मला पत्र लिहिलं. म्हणाल्या, लिंकनच्या बाई तुझी चौकशी करायला मुद्दाम आल्या होत्या, मी भरभरून सांगितलं, तू जा. माझी आई आजारी होती, तिचं सगळं उरकेपर्यंत मला निघता आलं नाही."

"तुझी चौकशी?"

"हो. मी चार वर्षं होते त्यांच्याकडे. तिथं मला एलन म्हणायचे."

माझ्या हातात पिठाचा गोळा होता. तो तसाच धरून मी विचारलं, "तिथं दाईला एलनच म्हणतात? प्रत्येक दाईला?"

"प्रत्येकीला. मी आईकडे गेले तेव्हा दुसरी ठेवली त्यांनी. तिलाही एलनच म्हणायचे." मुलीने आवाज खाली आणला. "पण हार्टॉपबाई तिचं नाव काढत नाहीत. तिच्या वेळी त्यांचं धाकटं गेलं ना. फार शांत झालं होतं म्हणे. झोपेतच गेलं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. मी नंतर त्याचे कपडे आवरायला गेले, तर खोलीतल्या चहाच्या डब्यात खसखशीची वाळकी बोंडं होती, अफूची. पाणथळ मुलखात बाया उकळून पाजतात पोरांना. मी ते कुणाला सांगितलं नाही. गेलेलं मूल थोडंच परत येणार होतं?"

तांब्याचं पातेलं चुलीपाशी होतं. अजून कोमट.

मी धावले. नोकरांच्या जिन्याने नव्हे, समोरच्या, गालिचा घातलेल्या. दिवाणखान्यात चार पाहुण्या बायका चहा पीत होत्या. पिठाने माखलेली मी त्यांच्या समोरून वर गेले. "टनर्डबाई!" बाईसाहेब ओरडल्या. ओरडा म्हटलं.

बाळाच्या खोलीत केझिया खिडकीशी बसून त्याचे मोजे रफू करत होती. "हळू," ती कुजबुजली. "आत्ताच झोपलाय."

लायनलचे ओठ निळे होते. मी त्याला उचललं तर मान मागे पडली. कान छातीला लावला. काही नाही. काही नाही. मग एक श्वास. मग पुन्हा कितीतरी वेळ काही नाही.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. थर्झाने पेटी टाकून माझ्यामागे धाव घेतली होती, म्हणून पोरगा वाचला. तिनेच सांगितलं, झोपू देऊ नका, गार पाणी मारा, काळी कॉफी आणा. तळपायांवर चापट्या मारत आम्ही दोघी आळीपाळीने त्याला घेऊन येरझारा घालत होतो. डॉक्टर आले, त्यांनीही तेच चालू ठेवायला सांगितलं. बाईसाहेब जमिनीवर बसल्या होत्या, पाळण्याचा कठडा धरून. "रड," एवढंच म्हणत होत्या. "रड ना रे राजा. रड."

दिवेलागणीला लायनल रडला. आधी मांजरीच्या पिलासारखं, मग जोरात, मग त्याच्या जुन्या कर्ण्यासारखं. बाईसाहेबांनी त्याला छातीशी घेतलं आणि त्याच्याहून मोठ्याने हंबरडा फोडला. मीही रडले. कुणाला लाजायचं होतं?

केझिया दाराशी उभी होती. "मी वाईट काय केलं?" ती मला म्हणाली. "रडणं सहन होत नाही, असं बाईच म्हणाल्या होत्या. माझ्या आईने आम्हा नऊ जणांना हेच पाजलं."

"नऊ जणांतली जगली किती?"

"चार," ती म्हणाली. घराला किती खिडक्या ते सांगावं तसं.

साहेबांनी तिला त्याच संध्याकाळी घालवून दिलं. पोलिसांत जायचं मी म्हटलं, पण गावभर बभ्रा होईल म्हणून दोघांनी नको म्हटलं. हार्टॉपबाईंनाही काही कळवायचं नाही ठरलं. "तुझ्याबद्दल मी चांगलं लिहिणार नाही आणि वाईटही लिहिणार नाही," बाईसाहेब तिला म्हणाल्या. केझियाने गाठोडं घेतलं, जाताना लायनलच्या मोज्यांची जोडी मुडपून टेबलावर नीट ठेवली. ती कुणालाही फसवत नव्हती. त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

थर्झा राहिली. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी तिला जवळ बसवलं, तिचे हात हातात घेतले, आणि म्हणाल्या, "तुझे उपकार मी विसरणार नाही, हॅना."

मी तिथेच होते. म्हटलं, "बाईसाहेब, थर्झा नाव आहे तिचं. या नावांपायीच तर..."

"टनर्डबाई, आता सुरू करू नका. या घरात दाईला हॅना म्हणतात."

मी तणतणत खाली आले. चार दिवस मी तिला मुद्दाम मोठ्याने थर्झा म्हटलं. मग घरभर हॅना, हॅना ऐकून माझ्याही तोंडी तेच बसलं. जिभेला काय, वळण लावाल तशी वळते. लायनल बाळसं धरत होता, दिवसातून दहा वेळा गळा काढत होता, आणि आवाज आला की आम्ही सगळे हसायचो.

नाताळच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी हंसाची पिसं काढत होते, चुलीवर पुडिंग उकळत होतं, सूझनने तेवढ्यात दुधाचं भांडं उलथलं होतं. मागच्या दारात एक प्रौढ बाई आली, ओल्या बर्फाने टोपी भिजलेली. गल्लीत घोडागाडी उभी.

"तुम्ही इथल्या स्वयंपाकीणबाई ना? माझ्या मालकीणबाई बाळंतपणातून उठलेल्या नाहीत, त्यांना येता येत नाही. पाच आठवड्यांचं पोर आहे, रडून जीव काढतंय. व्हिटलॉकबाईंच्या हॅनाबद्दल विचारायला आलेय. तुमच्या मालकीणबाई बाहेर गेल्यात म्हणे. तुम्ही नोकर, मी नोकर. खरं काय ते सांगा."

मला वाटलं, आली चौथी, आमची पोरगी फोडायला! रागच आला. वाईट सांगून टाकावं असंही मनात आलं. पण गरीब पोरीजवळ तिच्या नावलौकिकाशिवाय असतं काय? तिच्याबद्दल खोटं बोलणं हे पाप मी कधी केलं नाही.

"हॅना?" मी पिसांचे हात झटकत म्हटलं. "सोनं आहे सोनं. आमचं बाळ तिच्यामुळे जिवंत आहे. डोळे मिटून पोर तिच्या हाती द्या."

"देव तुमचं भलं करो," ती बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीच म्हणाली होती, स्वयंपाकिणीला विचारा, तिने मला रोज पाहिलंय." आणि ती गेली. नाव, गाव, काही मी विचारलं नाही. हातात हंस होता ना माझ्या.

चहाच्या वेळी थर्झा लायनलला कडेवर घेऊन खाली आली. मी तोंड फुगवून बसले होते.

"काय गं, आम्ही टोचायला लागलो का? जागा शोधतेस, आणि मला सांगायचीही सोय नाही?"

"कसली जागा?"

"उगाच वेड पांघरू नकोस. तुझी चौकशी करून गेली एक बाई. मी चांगलंच सांगितलंय, काळजी नको."

"मी कुणाशी बोलले नाही, टनर्डबाई. मी कुठे जात नाहीये." ती गोंधळून माझ्याकडे बघत होती. मग तिचा चेहरा पांढरा पडला. "तिने कुणाचं नाव घेतलं?"

"हॅनाचं."

"ते माझं नाव नाही," थर्झा म्हणाली.

मी अनवाणी गल्लीत धावले. चिखलात चाकांच्या खुणा होत्या, टेकडी उतरून चौकापर्यंत. तिथून चार रस्ते फुटतात आणि बाजाराचा दिवस असल्यामुळे चारही रस्त्यांवर चाकंच चाकं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. घरी येईपर्यंत मला लायनलचं रडणं ऐकू येत होतं.